डावा कान बिनव्याजी

माझ्या मामीचा डावा कान बिनव्याजी झाला. उजवा अजून व्याजावर आहे.

निकाल असा आधीच सांगून टाकला, कारण तो पोटात ठेवून गोष्ट सांगणं मला जमत नाही. आता मात्र तुम्ही हे वाचलंच नाही असं समजा. मीही लिहिलंच नाही असं समजतो. आमच्या घरात ही जुनी पद्धत आहे. कळलेली गोष्ट कळली नाही असं धरून चालायचं आणि समोरचाही तसंच धरून चाललाय ना, एवढं डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत राहायचं. पद्धत दमवणारी आहे, पण भांडणापेक्षा स्वस्त पडते.

तर अजून काहीच झालेलं नाही. मामा उलट्या बादलीवर उभा आहे.

बादली होती एका उंच इमारतीच्या गच्चीवर, लिफ्टच्या मशीन रूममध्ये. मामा लिफ्टचा मेकॅनिक. या खोलीत एक मोटर, दोरखंडांचं मोठं चाक, खडखडणारं कंट्रोलचं कपाट आणि पिढ्यान्‌पिढ्यांचं ग्रीस असा ऐवज आहे. फोनला रेंज मात्र फक्त खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात येते आणि मामा उंचीला बेताचा, म्हणून बादली. त्याने फोन स्पीकरवर लावून कोपऱ्याशी धरला होता. फोनमधून पियानोची एक धून वाजत होती. ती एकेक पायरी चढत वर जायची, वर जाऊन जरा रेंगाळायची, आता काहीतरी छान होणार असं वाटायचं, आणि नेमकी तिथेच एक बाई बोलायची, "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. कृपया प्रतीक्षा करा." मग धून पुन्हा तळमजल्यावरून सुरू.

"दोन मजल्यांच्या मध्ये अडकते बघ," मामा म्हणाला. "लिफ्ट असती तर मी काढून दिली असती."

"मला कशाला बोलावलंस?"

"तू फॉर्म भरतोस ना."

घराण्यात माझी संगणकतज्ज्ञ म्हणून ख्याती आहे. ती एका प्रिंटरवर उभी आहे. तो बंद पडला होता आणि मी त्याचा प्लग लावला. तेव्हापासून आमच्यात कुणाचंही काही अडलं की मला बोलावतात, आणि मी लॅपटॉप घेऊन जातो, कारण लॅपटॉप नेला की माणूस निम्मं काम झाल्यासारखा दिसतो.

मामा बादलीवरून उतरला. त्याला क्रेडिट कार्डावरचं देणं दुसऱ्या कार्डावर न्यायचं होतं. नवं कार्ड घेतलं की जुन्यावरची बाकी तिकडे हलवायची आणि ठरलेले काही महिने तिच्यावर व्याज नाही, अशी काहीतरी सोय असते, असं त्याला इमारतीच्या वॉचमनने सांगितलं होतं.

"किती आहे बाकी?"

मामाने दाराकडे पाहिलं. दारापलीकडे नुसती गच्ची होती आणि गच्चीवर पाण्याच्या टाक्या. तरी त्याने आकडा तोंडाने सांगितला नाही. ग्रीसच्या बोटाने तो खिडकीच्या काचेवर लिहिला, मला वाचू दिला आणि बाहीने पुसला. आकडा गेला. काच मात्र महिनाभर तेवढ्या भागात काळी राहिली.

"दर महिन्याला भरतोस ना?"

"भरतो की. ते लिहितात तेवढे."

"ते लिहितात ते कमीत कमी, मामा. तेवढेच भरले की नुसतं व्याज जातं. मूळ रक्कम हलत नाही."

मामाने यावर व्यावसायिक विचार केला. "म्हणजे दिवे लागलेत, पंखा फिरतोय, मोटरचा आवाज येतोय, पण मजला तोच."

"तोच. जरा खालचाच."

"वाटलंच मला," मामा म्हणाला आणि पुन्हा बादलीवर चढला.

हे देणं मामीच्या कानांचं होतं. मामी तरुणपणी काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात होती. लाखो बाटल्या एकमेकींवर आपटत तिच्यासमोरून गेल्या आणि जाताना तिचं ऐकू येणं थोडंथोडं घेऊन गेल्या. पुढे ती घरीच एका दुकानासाठी पडदे शिवायला लागली, पण कान काही परत आले नाहीत. शेवटी मामा तिला कानांच्या दवाखान्यात घेऊन गेला. तिथल्या मुलीने दोन इवलीशी यंत्रं दाखवली. लाल ठिपक्याचं उजव्या कानाचं, निळ्या ठिपक्याचं डाव्या कानाचं. किंमत तिने कागदावर लिहून मामापुढे सरकवली. मामाने कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि कार्ड काढून दिलं. बाहेर आल्यावर मामीला सांगितलं, "युनियनच्या योजनेतून मिळाले. फुकट."

युनियनची अशी कुठलीही योजना नाही. युनियनने आजवर एकदा छत्री दिली होती आणि ती परत मागितली होती.

"खरं का नाही सांगत तिला?" मी विचारलं.

"तू तिचं कपाट पाहिलंयस ना?"

पाहिलं होतं. सगळ्यांनीच पाहिलंय, काचेतून. मामीच्या कपाटात चांगले कप आहेत, चांगली चादर आहे, खोक्यातून न काढलेला मिक्सर आहे. महागाची कुठलीही वस्तू घरात आली की ती तिथे जाते आणि पाहुणे आल्यावर काढायची म्हणून राहते. ज्या पाहुण्यांसाठी ते कप ठेवलेत, त्यांतले निम्मे आता येण्याच्या स्थितीत नाहीत.

"किंमत कळली की दोन्ही कान कपाटात जातील," मामा म्हणाला. "कपांच्या शेजारी. कुणी आलं की घालेल, गेलं की काढून ठेवेल. माझ्याशी पुन्हा खुणांनी बोलेल."

म्हणजे अडचण अशी होती. मामीला देणं कळता कामा नये. आणि आता मामीला सगळंच ऐकू येत होतं.

यंत्रं आल्यापासून तिला शेजाऱ्यांचा फ्रिज ऐकू यायचा. मामाचा उजवा गुडघा ऐकू यायचा. लग्न झाल्यापासून मामाची एक सवय होती. तिच्या बोलण्यावर जे उत्तर द्यायचं नाही, ते तो पुटपुटून घ्यायचा. ही चैन एका दिवसात बंद झाली. पहिल्याच संध्याकाळी तो असाच काहीतरी पुटपुटला आणि शिवणयंत्रावरून आवाज आला, "हो, पण मग तुम्हीच धुवा." मामा म्हणतो, त्या क्षणी त्याला लिफ्टचा दोर तुटल्यासारखं झालं. बँकेला फोन करायला तो न्हाणीघरात जायचा आणि नळ सोडून ठेवायचा. मग मामी बाहेरून म्हणायची, "अहो, पाणी वाया घालवू नका." म्हणून मशीन रूम. त्याच्या देण्याची गुपित कचेरी ती, बादलीसकट.

मी लॅपटॉप कंट्रोलच्या कपाटावर ठेवला आणि आम्ही कार्डं निवडायला बसलो.

तीन कार्डं होती. पहिल्याच्या चित्रात एक माणूस डोंगराच्या टोकावर हात पसरून उभा होता. व्याज नाही, आणि तेही भरपूर महिने. पण बाकी हलवतानाच रकमेच्या प्रमाणात मोठी फी कापून घेणार. दुसऱ्यावर होडीतलं जोडपं. फी नाही, पण बिनव्याजी महिने इतके थोडे की होडी किनाऱ्यालाही लागली नसती. तिसऱ्यावर चित्रच नव्हतं. नुसतं राखाडी. महिने बरे, फी थोडी, आणि तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत एक अट. एकही हप्ता चुकला तर सवलत रद्द, त्या दिवसापासून पुरं व्याज.

"मला एक सांग," मामा म्हणाला. "व्याज घेत नाहीत, मग त्यांना मिळतं काय?"

"फी मिळते. आणि तू चुकशील अशी त्यांना आशा असते. हप्ता विसरशील, नाहीतर व्याज शून्य आहे म्हणून त्याच कार्डावर नवी खरेदी करशील. नव्या खरेदीवर व्याज असतं."

"म्हणजे माझ्यावर पैज लावतात."

"तसंच म्हण."

मामा राखाडी कार्डाकडे बराच वेळ बघत बसला. त्याच्यावर कुणी पैज लावण्याची ही पहिलीच वेळ असावी. "हे घेऊ," तो म्हणाला. "डोंगरवाला नुसताच हात पसरतोय. आणि चुकायचं म्हणत असशील तर मी महिन्याच्या महिन्याला ग्रीस लावणारा माणूस आहे. चुकलो असतो तर लोक पडले असते."

अर्ज भरताना एके ठिकाणी अडलो. व्यवसायाच्या यादीत लिफ्ट मेकॅनिक नव्हता. डॉक्टर होता, वकील होता, घोड्यांचा प्रशिक्षक होता. शेवटी आम्ही 'वाहतूक' निवडलं.

"बरोबरच आहे," मामा म्हणाला. "इतक्या वर्षांत माझं जाणं धरलंस तर मी कुठल्या कुठे पोचलो असतो. फक्त सरळ वर."

अर्ज पाठवला. मी त्याला बजावलं, "आता थांबायचं. उत्तर येईपर्यंत दुसरीकडे अर्ज करायचा नाही. प्रत्येक अर्जाची नोंद होते आणि ती सगळ्या बँकांना दिसते. भराभर अर्ज केले की त्यांना वाटतं, माणूस बुडतोय."

"मला सांगतोस?" मामा म्हणाला.

लिफ्टने खाली जाताना पाचव्या मजल्यावर दार उघडलं. बाहेर टाय लावलेला एक माणूस होता. त्याने वर जायचं आणि खाली जायचं, दोन्ही बटणं दाबून ठेवली होती. त्याला वर जायचं होतं. मामाने दार बंद होईस्तोवर त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि मग तळमजल्यापर्यंत माझ्याशी बोलला. "दोन्ही दाबली म्हणून लवकर येते का? उलट थांबते, उघडते, नको म्हणते, पुन्हा निघते. सगळ्यांचा खोळंबा. माणसाने एक बटण दाबावं आणि उभं राहावं. एवढं जमत नाही लोकांना." जन्मभर त्याला दुसऱ्या कुठल्या गोष्टीचा एवढा राग आलेला मी पाहिला नाही.

दोन दिवसांनी मी त्यांच्या घरी गेलो. घर म्हणजे एकच लांबट खोली, मध्ये मामीने शिवलेला निळा पडदा, पलीकडे स्वयंपाकघर. मामी खिडकीशी शिवणयंत्रावर होती. गुडघ्यांवरून कुठल्यातरी हॉटेलचा तपकिरी पडदा जमिनीवर उतरला होता आणि ती त्याची किनार दुमडत होती. मामा पेपर वाचत होता.

मामी गुणगुणत होती.

यंत्रं आल्यापासून ती गुणगुणायला लागली होती, त्यात नवल नव्हतं. पण ही धून मला ओळखीची वाटली. एकेक पायरी चढत वर जायची, वर जरा रेंगाळायची आणि तिथेच थांबायची. मामीने सुईत दोरा ओवला, दोन टाके घातले आणि पुन्हा तळमजल्यापासून सुरुवात केली. पुन्हा तिथेच थांबली. त्यापुढचं तिला येत नव्हतं. कुणालाच येत नाही. त्यापुढे बाई बोलते.

मी मामाकडे पाहिलं. तो पेपरमागे त्याच धुनीवर पाय हलवत होता. नंतर त्याने मला सांगितलं की ती धून त्याच्या डोक्यात हल्ली दिवसभर वाजतेच, त्यामुळे त्याला वाटलं, आपल्या आतच चाललीय.

"कुठलं गं गाणं हे, मामी?" मी विचारलं.

"गाणं कसलं," ती म्हणाली. "असंच कुठेतरी कानावर पडलं. पाय उचल, पडद्यावर उभा आहेस."

मी पाय उचलला आणि घराच्या पद्धतीप्रमाणे मला काही कळलं नाही.

सुटीच्या दिवशी सकाळी मी त्यांच्याकडेच होतो, तेव्हा दार वाजलं. मामीने उघडलं. बाहेर एक बाई उभी होती. हातात टॅबलेट, गळ्यात ओळखपत्र.

"बँकेतून आलेय. पडताळणीसाठी."

मामा आतून म्हणाला, "लिफ्टचं काम असेल."

"नाही, कार्डाचं," बाई म्हणाली. "पत्ता बघायचाय आणि चार प्रश्न विचारायचेत."

मामी मामाकडे बघत होती, मामा माझ्याकडे, आणि मी कॅलेंडरकडे, कारण मला बघायला दुसरं कुणी उरलं नव्हतं. मग मामीने कानाला हात लावला आणि कपाळाला आठी घातली.

"बॅटरी गेली वाटतं माझ्या यंत्रांची," ती बाईला म्हणाली. "आता मला काही ऐकू यायचं नाही हं. तुमचं चालू द्या. मी चहा टाकते." यंत्र काढून तिने टेबलावर ठेवलं आणि पडद्यापलीकडे गेली.

मामाने सुटकेचा श्वास सोडला. तो पडद्यापर्यंत पोचला असावा, कारण पडदा हलला.

बाई खुर्चीत बसली. घर भाड्याचं की स्वतःचं. किती वर्षांपासून. नोकरी कायम आहे का. मामा एकेका शब्दात उत्तरं देत होता.

"हे कोण?"

"भाचा," मी म्हणालो.

"तुमच्यावर अवलंबून आहे का?"

मामाने मला आपादमस्तक न्याहाळलं. "अधूनमधून."

"आधीच्या कार्डावर ही एवढी बाकी कशाची? प्रवास, समारंभ, वैद्यकीय, घरखर्च, इतर. एक सांगा."

मामा एक शब्द म्हणून मोकळा होऊ शकला असता. पण गेले कित्येक महिने तो या विषयावर फक्त बादलीवर उभा राहून किंवा नळाखाली बोलला होता. आज पहिल्यांदाच स्वतःच्या घरात, खुर्चीत बसून, पुऱ्या आवाजात बोलायची सोय झाली होती.

"बायकोचे कान," तो म्हणाला. "दोन."

बाई टॅबलेटवर ते शोधायला लागली.

"तिला ऐकू यायचं नाही. म्हणजे ओरडलं की यायचं. आता कसं असतं, मी कामावरून आलो की तिला सांगायचो, आज काय झालं. लिफ्टमध्ये रोज कुणीतरी अडकतंच. एकदा एक नवराबायको अडकले, भांडण चाललेलं, बाहेर काढेपर्यंत मिटलेलं. मी दार उघडलं तर म्हणाले, जरा थांबा. अशा गोष्टी. तर त्या ओरडून सांगायला लागलो. पण बाई, गोष्ट ओरडून सांगितली की तिच्यात काही राहत नाही. शेजारी हसतात, आणि जिला सांगायची ती म्हणते, रागावलात कशाला. मग हळूहळू सांगणंच बंद केलं. आलो, जेवलो, झोपलो. किती वर्षं गेली तशी. मग म्हटलं, असू दे, घेऊ कार्डावर."

पडद्यापलीकडे कपात चमचा फिरत होता. तो थांबला. थोड्या वेळाने पुन्हा फिरायला लागला.

"वैद्यकीय," बाई म्हणाली आणि बोटाने खूण केली.

माझी नजर टेबलावर गेली. तिथे लाल ठिपक्याचं यंत्र होतं. निळ्या ठिपक्याचं कुठेच नव्हतं. मी टेबलाखाली पाहिलं, पेपर उचलून पाहिलं. मग एकदम समजलं आणि मी पेपर होता तसा ठेवला.

"अजून एक," बाई म्हणाली. "तुम्ही एकाच आठवड्यात तीन बँकांकडे अर्ज केलेत. बाकीच्या दोघींनी नाकारलंय. ते आम्हाला दिसतं. एवढी घाई का?"

मी मामाकडे वळलो. मामा छताकडे बघत होता, लिफ्टमध्ये अडकलेल्याने केबिनच्या वरच्या झडपेकडे बघावं तसा.

"मामा, तू दोन्ही बटणं दाबलीस."

"तिन्ही," मामा म्हणाला. "उत्तर येईना, मग धीर सुटला. डोंगरवाल्यालाही भरला आणि होडीलाही."

"तू मला पाच मजले ऐकवलंस."

"दुसऱ्याची लिफ्ट असली की माणसाला बरोबर कळतं," मामा म्हणाला.

"अशाने आमच्याकडे मर्यादा कमी मिळते," बाई म्हणाली. "मी चांगलंच लिहीन. पण मंजुरी माझ्या हातात नसते."

तेवढ्यात मामी चहा घेऊन आली. ट्रेमध्ये चांगले कप होते. कपाटातले, सोनेरी कडांचे. मी ते जन्मात पहिल्यांदा काचेशिवाय पाहिले. मामाने एक कप हातात घेतला आणि तो वाढदिवसाला दुसऱ्याची भेट चुकून मिळाल्यासारखा धरून बसला.

"ही पाहुणी आहे का?" त्याने मला हळूच विचारलं.

"पी," मी म्हणालो.

निरोप पुढच्या आठवड्यात आला. मामाने मला जिन्यात बोलावून फोन दाखवला. तिथेही तो कुजबुजत होता. अर्ज मंजूर. पण कार्डाची मर्यादा देण्याच्या निम्मीच. निम्मी बाकी बिनव्याजी होणार, निम्मी जुन्या कार्डावर तशीच राहणार, त्याच व्याजात.

"म्हणजे काय झालं?" मामा म्हणाला.

"म्हणजे एक कान बिनव्याजी. एक नाही."

"एक कान म्हणजे," मामा कुजबुजला, "असं कसं करता येईल."

आतून, शिवणयंत्र न थांबवता, मामी म्हणाली, "डावा करा."

आम्ही दोघंही जिन्यात उभे राहिलो. यंत्राचा आवाज थोडा वेळ चालला, मग किनार संपली असावी.

"उजव्या बाजूला माझं मशीन असतं," ती म्हणाली. "डाव्या बाजूला तुम्ही बसता. डावा फेडून टाका आधी. आत या, तिथे गार वारा लागेल."

मामा आत जाऊन त्याच्या खुर्चीवर बसला. तिच्या डाव्या हाताला. "कधीपासून कळलंय?"

"पहिल्या आठवड्यात. न्हाणीघरात नळ सोडून बोलत होतात. मला नळ ऐकू आला आणि तुम्हीही ऐकू आलात. दोन्ही ऐकू यावं म्हणूनच घेतलेत ना ते."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही एवढे नळाखाली जाऊन बोलताय म्हटल्यावर मी कशाला मध्ये?"

मामाने जरा वेळ गुडघा चोळला. गुडघा वाजला. मामीने मान वळवली नाही, पण तो ऐकला.

"कपाटात नाही ठेवलेस," मामा म्हणाला. तो प्रश्न होता, पण त्याने तसा विचारला नाही.

"ठेवणार होते. डबीत भरलेही होते त्याच दिवशी. तर संध्याकाळी तुम्ही आलात आणि सांगायला लागलात. लिफ्टमध्ये एक म्हातारे अडकले आणि त्यांनी हातातल्या पिंजऱ्यातल्या पोपटाला तेवढ्या वेळात बोलायला शिकवलं, ते. मी घाईघाईने एक कानात घातलं. म्हटलं, एवढी ऐकते आणि ठेवते."

"मग?"

"मग दुसऱ्या दिवशी तुमचं दुसरंच काहीतरी." तिने तपकिरी कापड झटकलं. "आणि न वापरता ठेवले असते तर व्याज काय कमी झालं असतं? उजव्याचं मी बघते. पडद्यांचे येतात त्यातून. तुम्ही तुमचा डावा सांभाळा. हप्ता चुकवू नका. त्या लोकांनी पैज लावलीय ना."

पैजेचं मामाने तिला सांगितलेलं नव्हतं. ते मशीन रूममधलं बोलणं होतं. त्यानंतरही कधीतरी नळाखाली त्याने ते कुणाला तरी सांगितलं असणार. मी विचारलं नाही.

आता मामा बँकेला फोन घरूनच करतो. बादली मशीन रूममध्ये सरळ करून ठेवलीय. उजव्या कानाची मर्यादा वाढवून मिळते का, हे विचारायला परवा फोन लावला, तेव्हा फोन स्पीकरवर टेबलावर होता. चांगल्या कपांत चहा होता. त्यांतल्या एकाचा कान आता तुटलाय, त्यामुळे तो रोजचा झालाय. मामी शिवणं थांबवून बसली होती, मामा तिच्या डाव्या बाजूला. पियानो पायऱ्या चढत गेला, वर पोचला, रेंगाळला. मामीने श्वास धरला. बाई म्हणाली, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.

"पुढे काय असेल हो याचं?" मामीने विचारलं.

"असेल काहीतरी," मामा म्हणाला. "वर गेलेलं खाली तर यायलाच हवं."

असं बरेचदा झालं. मग फोन कट झाला. मर्यादेचं राहिलंच. मामीने मला लॅपटॉप उघडायला सांगितला, आणि ती सांगत गेली तसं मी टाइप केलं. भाषा माझी आहे, कारण फॉर्म मी भरतो.

प्रति,
ग्राहक सेवा विभाग.

विषय: प्रतीक्षा कालावधीत वाजवण्यात येणारी धून अखेरपर्यंत ऐकवण्याबाबत.

महोदय/महोदया,

उपरोक्त विषयास अनुसरून कळवण्यात येते की, आम्ही आपले नियमित हप्ते भरणारे ग्राहक (डावा कान) असून आपल्या दूरध्वनीवर वेळोवेळी प्रतीक्षा करीत आलो आहोत. सदर काळात वाजणारी धून प्रत्येक वेळी एकाच ठिकाणी, आमचा कॉल महत्त्वाचा असल्याचे सांगण्यासाठी थांबवण्यात येते. कॉल महत्त्वाचा असल्याचे आम्हास आता पुरेसे कळलेले आहे. धुनीचा पुढील भाग अर्जदाराच्या पत्नीने अद्याप ऐकलेला नाही. तरी कृपया एकदा, मध्ये कोणतीही सूचना न देता, सदर धून शेवटपर्यंत वाजू द्यावी. त्यासाठी लागेल तितका वेळ आम्ही उभयता थांबण्यास तयार आहोत. या थांबण्यावर व्याज आकारण्यात येऊ नये, ही विनंती.